पाच स्टार, अर्धा लिटर

"बढती झाल्यापासनं घरात दूध अर्धाच लिटर येतं," खोक्यावर चिकटपट्टी ओढता ओढता निशा पुटपुटली. पट्टीच्या आवाजात ते फक्त शेजारच्या ललिताला ऐकू आलं. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. दुपारी तिची स्वतःची बढती होती.

माणूस पगारासाठी नव्हे, सन्मानासाठी काम करतो, हे आता सिद्ध झालेलं आहे. (सिद्ध करणाऱ्यांचा पगार बरा असतो.) म्हणूनच वडपे गावातल्या या ऑनलाइन खरेदीच्या गोडाऊनमध्ये सन्मानाचा साठा कधी कमी पडू देत नाहीत. ग्राहकांनी (यात आपण आलोच) वर्षभर पाच स्टार दिले, की पॅकरची 'पॅकिंग अधिकारी' होते. अधिकाऱ्याला निळ्या फितीचं ओळखपत्र मिळतं, चाकांची खुर्ची मिळते (टेबल उभ्याच्या उंचीचं असल्यानं ती भिंतीशी असते) आणि वेळेचं स्वातंत्र्य मिळतं. म्हणजे पॅकर आठ तासांपुढचं काम ओव्हरटाइम घेऊन करतात, अधिकारी ते आपुलकीनं करतात. दोन वर्षांत त्रेचाळीसपैकी एकेचाळीस जणांची आपुलकी अशी वाढली आणि गोडाऊनची प्रेरणा एकशे बारा टक्क्यांवर गेली. मागे राहिल्या दोघी: ललिता, आणि झाडू मारणाऱ्या जाईबाई, ज्यांना ग्राहक स्टार देत नाहीत.

ललिताच्या लेकीची, रूपाची, नर्सिंगची फी ओव्हरटाइममधून जायची. म्हणून महिनाभर ललितानं जिवापाड प्रयत्न केले. खोकी तिरकी चिकटवली. एकीला कुकर पाठवायचा होता, तिला नुसतं झाकण पाठवलं. पाच स्टार. खाली शेरा: 'छान वस्तू, अजून उघडली नाही.'

दुपारी मॅनेजर गंधार सरांनी तिच्या गळ्यात निळी फीत घातली. एकेचाळीस अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दोन शब्द बोला, ललिताताई."

ललितानं निशाकडे पाहिलं. निशा चपलेकडे बघत होती. मागून जाईबाई म्हणाल्या, "बोल गं बाय, मला अजून झाडायचं हाय."

"सर, बढती झाली की पगार कमी होतो."

सर मायेनं म्हणाले, "ताई, हे काय आम्ही ठरवतो? ग्राहकांचं प्रेम आहे ते."

"मग त्यांना एवढं कळवा," ललिता फीत काढत म्हणाली, "चार पुरेत. पाचव्यात आमचं दूध जातं."