गॅलरीविषयी नऊ तक्रारी

इंग्रजी शिकवण्याची जी पद्धत मी १९८५ साली अंधेरी पूर्वेच्या गावठाणात शोधून काढली, तिच्या तोडीची पद्धत त्या काळी कुर्ल्यापासून गोरेगावपर्यंत कोणाकडेही नव्हती, हे मी आजही पूर्ण विचारांती सांगतो.

इतर क्लासवाले पत्रे पाठ करून घेत. मी एम. ए. झालो होतो, नव्या कवितेत बुडालेला होतो, आणि माझ्या मते पाठांतर म्हणजे भाषेची मयत होती. माझे सूत्र साधे होते : पत्र खरे असावे, खऱ्या माणसाला लिहावे, आणि खरे तिकीट लावून खऱ्या पेटीत टाकावे. उत्तर आले म्हणजे इंग्रजी आले!

क्लास भरत असे सेराफिना आंटींच्या ओटीवर. घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेले, दुमजली, सागवानी, हत्तीने अंग घासले तरी हलणार नाही असे. वरच्या खोलीत मी भाडेकरू होतो आणि खोलीला रस्त्याच्या बाजूने एक गॅलरी होती. विद्यार्थी नऊ. सगळे औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यातले. कोणी शिपाई, कोणी पॅकिंगमध्ये. कारखान्याने खात्यांतर्गत कारकुनाची परीक्षा ठेवली होती आणि तिच्यात इंग्रजी पत्रलेखन सक्तीचे होते.

या नवांत सर्वांत ज्येष्ठ दशरथकाका. मालवणकडचे, वीस वर्षे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले, संपानंतर इकडे शिपाई म्हणून लागलेले. ते वर्गात अशा गांभीर्याने बसत, की शिकवताना आपण कोणाच्या तरी साक्षीने खोटे बोलत आहोत असे मला वाटे. त्यांच्या शेजारी पॅकिंगमधली सुगंधा. तिची जीभ लेबले चिकटवण्याच्या यंत्रापेक्षा जलद चाले.

"सर, नमुना द्या ना एक," सुगंधा म्हणाली. "नमुन्याशिवाय कसं कळणार?"

"नमुना म्हणजे पाठांतराचे पहिले पाऊल," मी म्हणालो.

"एकच पाऊल टाकू आम्ही. देवाशपथ!"

मी विरघळलो. त्याच संध्याकाळी गॅलरीत बसलो. ऊन कलत होते, समोरच्या विहिरीवरून एक बगळा उडाला आणि मला अकारण सर्व वस्तूंच्या अंताची जाणीव झाली. त्या अवस्थेत मी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयास उद्देशून एक तक्रारपत्र लिहिले. वरच्या कोपऱ्यात, पत्र खरे असावे या तत्त्वानुसार, राहत्या घराचा पत्ता घातला. मजकूर इंग्रजी होता. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा :

'महोदय, माझ्या गॅलरीला कोसळण्याचे वेध लागले आहेत. रोज संध्याकाळी ती रस्त्याकडे किंचित अधिक झुकते, जणू खालून कोणी तिला नावाने हाक मारली आहे. रात्री मी तिचा श्वास ऐकतो. आपण येईपर्यंत ती थांबेल की नाही, हे मी सांगू शकत नाही.'

गॅलरी अर्थात ठणठणीत होती. परंतु ठणठणीत गॅलरीवर कोणी लिहावे आणि काय लिहावे?

शनिवारी मी ते फळ्यावर उतरवले. "हे फक्त दिशा दाखवण्यासाठी," मी बजावले. "प्रत्येकाने आपली तक्रार लिहायची आणि खाली प्रामाणिकपणे स्वतःचे नाव घालायचे. घरून लिहा आणि टपालात टाका."

नऊ माना हलल्या. मला कृतार्थ वाटले.

त्यानंतरच्या गुरुवारी मी खाली उतरलो तेव्हा सेराफिना आंटी ओटीवर उभ्या होत्या. हातात पत्त्यांच्या डावासारखी पसरलेली नऊ पोस्टकार्डे होती.

"चंद्रप्रकाश, हा दशरथ बाबाजी कोण रे?"

"माझा विद्यार्थी. का?"

"मग तो माज्या घरात कदी राहायला आला? आनि ही सुगंधा? आनि हे बाकीचे सात? पोस्टमन मना विचारतो, आंटी, चाळ काढली काय!"

प्रत्येक कार्डावर तोच मजकूर होता : आपली तक्रार मिळाली, पाहणीसाठी अधिकारी येतील. प्रत्येक कार्डावर निराळे नाव होते. आणि प्रत्येक नावाखाली आमचाच पत्ता.

"कसली तक्रार?" आंटींनी विचारले.

"वाङ्मयीन स्वरूपाची," मी म्हणालो.

आंटींना ते समजले नाही, हे बरेच झाले. कारण त्या सध्या एकाच गोष्टीसाठी जगत होत्या. दहा दिवसांनी, रविवारी, त्यांच्या मुलीचे, पेट्रिशियाचे, लग्न होते. त्यांच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचे पाणी' म्हणून विधीचे पाणी आणतात आणि मुलीला घरी न्हाऊ घालतात. आंटी स्वतः याच घरातून चर्चमध्ये गेल्या नव्हत्या, कारण त्या इथे सून म्हणून आल्या. पण पेट्रिशिया याच दारातून निघेल, असा शब्द त्यांनी नवऱ्याला त्याच्या शेवटच्या दुखण्यात दिला होता. हे त्या मला दिवसातून दोनदा सांगत.

शनिवारी क्लास भरल्याबरोबर मी नऊजणांना जाब विचारला.

"पत्ता का नाही बदललात?"

"तुमीच सांगलात, पत्र खरा व्हया," दशरथकाका म्हणाले. "फळ्यावर होता तसा खरा लिवलंय."

"अहो, पण राहता तुम्ही घाटकोपरला!"

"सर, असं काय करता?" सुगंधा म्हणाली. "पत्त्याला मार्क असतात. आपला पत्ता टाकला आणि कापला एक मार्क, मग? माझा पत्ता म्हणजे झोपडी नंबर अमुक, तबेल्याच्या मागे. इंग्रजीत शोभतो का तो?"

"आणि मजकूर? तोही सगळ्यांनी तोच?"

"तुम्ही एवढं सुंदर लिहिलंत. त्यात आम्ही कशाला घाण करायची?"

या उत्तराने मी काही क्षण सुखावलो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेवढ्यात फाटकाशी हातगाडी थांबली. हातगाडीवर लाकडी टेकू होते. मागे चार मजूर आणि त्यांच्यामागे काखेत फाईल धरलेले कनिष्ठ अभियंता नंदकिशोर तळवडेकर.

"या दुमजली घरात नऊ बिऱ्हाडं राहतात?" त्यांनी विचारले. "परवानगी आहे?"

"नऊ? जेजू! एक मी, एक पेट्रिशिया, आनि वरती हा!" आंटी ओरडल्या.

"मग हे कोण?" त्यांनी ओटीवर दाटीवाटीने बसलेल्या नऊजणांकडे पाहिले. ओटीवर नऊ चपलांचे जोड, नऊ जेवणाचे डबे आणि मध्ये पाण्याचे पिंप. बिऱ्हाडांचा याहून सबळ पुरावा मलाही सुचला नसता.

तळवडेकर वर गेले. त्यांनी गॅलरीवर टकटक केली, उडी मारून पाहिली, चार मजुरांना एकदम उडी मारायला लावली. गॅलरीने कूस बदलली नाही. ते खाली आले तेव्हा अधिकच गंभीर होते.

"वरवर चांगली दिसते. अशाच पडतात," ते म्हणाले. "नऊ माणसं स्वतंत्रपणे लिहितात की रात्री तिचा श्वास ऐकू येतो. शब्दात शब्द जुळतोय! खोटे साक्षीदार असते तर कुठेतरी फरक पडला असता. टेकू लावा रे! सोमवारपर्यंत घर रिकामं करा, बाई."

आंटी ओटीच्या पायरीवर मटकन बसल्या. "पुढच्या रविवारी माजे पोरीचं लगीन हाय," त्या म्हणाल्या. पण हे त्यांनी ओरडून नाही, अगदी हळू सांगितले. मजुरांनी पहिला टेकू उभा केला. तो नेमका दारासमोर आला.

मी पुढे झालो. सारा घोटाळा सांगितला. तळवडेकरांनी ऐकून घेतले.

"असेल. पण फाईलवर नऊ तक्रारी आहेत आणि उद्या गॅलरी खरंच खाली आली तर माझी नोकरी जाईल. लेखी द्या. तक्रारी इंग्रजीत, तर खुलासाही इंग्रजीत. नवांच्या सह्या पाहिजेत."

"आत्ता देतो!" मी म्हणालो. माझ्या शिक्षणाचा असा थेट उपयोग समाजाला प्रथमच होत होता. मी वर गेलो, अर्धा तास लिहिले आणि खाली आलो. तळवडेकरांनी वाचायला सुरुवात केली.

"'या गॅलरीवर मी अन्याय केला. आज ती उभी आहे.' आज म्हणजे? उद्या नाही?"

"ते क्षणाच्या नश्वरतेविषयी आहे."

"'आणि जे उभे आहे, ते सर्व पडण्याचेच एक संथ रूप आहे.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "अहो, म्हणजे पडतेयच ना? दुसरा टेकू लावा रे! सोमवार नको, उद्याच रिकामं करा!"

"तुम्ही एकपण अक्षर लिवू नका आता!" आंटी माझ्यावर ओरडल्या. आजवर त्या मला एकेरीत हाक मारत होत्या. संतापाने त्यांनी मला प्रथमच बहुवचन दिले.

तेव्हा दशरथकाका उठले. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले.

"मास्तरांनू, मी लिवू? गिरणीत साचो बिघडलो की जॉबराक, आमच्या मुकादमाक, चिठी धाडूक लागायची. त्येका वाचूक टाइम नसायचो."

ते पायरीवर आंटींच्या शेजारी बसले. मांडीवर वही. ओठ हलत होते, पेन मात्र थांबत नव्हते. चार मिनिटांत उठले आणि कागद तळवडेकरांच्या हाती दिला. तळवडेकरांनी तो मोठ्याने वाचला :

"'सर, हाऊस इज स्ट्राँग. गॅलरी इज स्ट्राँग. फोर मेन जम्प्ड, यू सॉ. वुई नाइन आर स्टुडंट्स, नॉट लिव्हिंग हिअर. टीचर इज पोएट. ही सीज थिंग्ज फॉलिंग. नथिंग इज फॉलिंग. नेक्स्ट सण्डे मॅरेज फ्रॉम धिस डोअर. प्लीज टेक बॅक युवर वुड.'"

तळवडेकरांनी तो कागद पुन्हा एकदा, मनात वाचला. मग सह्या घेतल्या. सुगंधाने सही करताना माझ्याकडे पाहिले नाही, ही तिची सभ्यता.

"टेकू काढा," तळवडेकर म्हणाले.

आंटींनी दशरथकाकांचे दोन्ही हात धरले. मग त्यांनी आत जाऊन लग्नाकरता केलेल्या गोड वड्यांचा डबाच आणला आणि काकांच्या मांडीवर रिकामा केला. फाईल बांधून झाली तरी तळवडेकर घुटमळत होते. शेवटी ते खाकरले.

"काका, माझी अनुपमा यंदा दहावीला आहे. इंग्रजीत जरा कच्ची आहे. तुम्ही शिकवाल का तिला?"

दशरथकाका कानापर्यंत लाजले. "मी? मी आपलो शिपाई. ह्येंका इचारा, हे एम. ए. असत," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

मी सदरा सारखा केला आणि योग्य तेवढे विषण्ण हसलो. तळवडेकरांनी माझ्याकडे एकवार, सहानुभूतीने पाहिले.

"नको," ते म्हणाले. "तिला पास व्हायचंय."