शोकेसमध्ये सासरे

जुन्या इमारतींमधलं मला फार कळतं! म्हणूनच सासरे राहायला आले तेव्हा मी छाती फुगवून जाहीर केलं, "बाबा, उद्या तुम्हाला आमच्या शहरातली जुनी, बहुमजली दुकानं दाखवतो. पायी सहल असते. एक बाई माहिती सांगतात. अर्थात, मी बरोबर असताना त्यांची गरज नाही म्हणा!"

सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. समोर येईल ती गोष्ट खरी की खोटी, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी आजवर माझं कधी कौतुक केलेलं नव्हतं. आता करणारच, अशी माझी खात्री होती.

पहिल्याच दुकानात सगळ्यांचे डोळे दिपले. मधोमध मोकळा चौक, भोवती मजल्यावर मजले, पितळी कठड्यांचा जिना आणि वर रंगीत काचांचा घुमट! बाईंनी "वर बघा" म्हणताच आम्ही सगळे पाणी पिणाऱ्या कोंबड्यांसारखे माना उंचावून उभे राहिलो. सासरे मात्र खांबावर टकटक करत होते.

"जावईबापू, हा पोकळ वाजतोय!"

"संगमरवर असाच वाजतो, बाबा," मी ठोकून दिलं.

"आणि हे दार?" खांबामागच्या लाकडी भिंतीत एक चिंचोळं दार होतं. "हे कुठं जातं?"

माहीत नाही म्हणायला जीभ रेटेना. "ते ना? घुमटावर जायचा चोरजिना!"

"मग चला की!"

ही, म्हणजे माझी बायको, बाईंचं ऐकण्यात गुंग होती. आम्ही आत शिरलो. मागे दार खट्‌कन लागलं. आतून कडी नाही, मूठ नाही! अंधारात चाचपडत पुढं गेलो, तर आणखी एक दार. ते ढकललं आणि थक्क झालो. ऐसपैस पलंग, रेशमी उशा, मंद दिवा, समोर भिंतभर मखमली पडदा!

"जुन्या मालकांची झोपायची खोली!" मी कुजबुजलो.

सासऱ्यांनी गादी दाबून पाहिली. मग बसून पाहिली. मग बूट काढून आडवे होऊन पाहिली. "माणूस सुखात होता हो," एवढं म्हणाले आणि घोरायलाच लागले!

आता मालकांना खिडकीतून काय दिसायचं ते बघावं, म्हणून मी पडद्याची दोरी ओढली.

समोर भर रस्ता! काचेला नाकं लावून उभी असलेली माणसं! आम्ही दुकानाच्या शोकेसमध्ये होतो!

मी दोरी धरून पुतळा झालो. सुटाबुटातला पुतळा समजून लोक पुढं जातील, असा माझा अंदाज. तेवढ्यात शिंक आली. बाहेर एक आजीबाई किंचाळल्या आणि गर्दी दुप्पट झाली. त्या गर्दीत आमची सहलही येऊन उभी राहिली! बाईंचा भोंग्यातला आवाज काचेतून आत येत होता, "या जुन्या, वाकवलेल्या काचेमुळे आतली वस्तू कुठूनही स्पष्ट दिसते!"

मी हिला जीव तोडून हातवारे केले. हिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पलंगावरच्या वडिलांकडे, आणि पाठ फिरवून समोरची इमारत मन लावून बघू लागली.

मागचं दार धाडकन उघडलं. मॅनेजर! "हा पडदा संध्याकाळी पाहुण्यांच्या हस्ते उघडायचा होता! कोण तुम्ही?"

त्या ओरडण्यानं सासरे दचकून उठले. डोळे अर्धे मिटलेले, हात पुढं. "तिकीट!"

त्या आवाजात जरब अशी, की मॅनेजर बिचारा खिसे चाचपू लागला! बाहेर नुसत्या टाळ्या!

कशीबशी माफी मागून सुटलो. संध्याकाळी सासऱ्यांना फोनवर सासूबाईंशी बोलताना ऐकलं, "अगं, त्या बाई नुसतं बाहेरून दाखवतात. जावईबापूंनी थेट आत नेलं! काय माणूस आहे!"

माझी छाती दाराबाहेर आली.

"पुढच्या रविवारी सहलीत जुना तुरुंग दाखवणार आहेत," ते पुढं म्हणाले. "तिथं मात्र मी त्या बाईंचा हात सोडणार नाही!"