भिडेपायी गेलेली गाडी

“बरी दिसतेय की,” ड्युएन हाउगेन चित्राकडे बघत म्हणाला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

चित्र मोटरसायकलचं होतं. त्याच्याकडे बावीस वर्षं असलेल्या गाडीचंच, पण यंदा निघालेलं नवं मॉडेल. दुकानाने टपालाने पाठवलं आणि अर्लिसने ते नवऱ्याच्या बशीशेजारी ठेवलं. आता आमच्या मिनेसोटात ‘बरं’ म्हणजे काहीही असू शकतं. सासूचा रस्सा बरा असतो, जावयाची नोकरी बरी असते, आणि वादळात छप्पर उडालं तरी माणूस म्हणतो, “बरं झालं, भिंती राहिल्या.” पण अर्लिसने मनाशी धरलं, की याला ही गाडी हवीय.

“मागे पाठ टेकायला गादी आहे म्हणे,” ती म्हणाली.

“तुझ्या पाठीला आराम पडेल.”

“माझ्या पाठीचं राहू दे रे. तुला आवडली असेल तर बघ.”

“माझं काय! तुझी सोय होत असेल तर बघू.”

खरं सांगायचं तर दोघांनाही ती नको होती. जुन्या गाडीवर मागे टेकायला काहीच नव्हतं, म्हणून अर्लिस ड्युएनच्या कमरेला मिठी मारून बसायची. एरवी ही माणसं चारचौघांत एकमेकांना हात लावतील तर शपथ! चर्चमध्ये बसतानासुद्धा दोघांच्या मधे तिची पर्स. पण रविवारी तळ्याकडे निघाले, की प्रत्येक वळणावर मिठी घट्ट व्हायची. ड्युएन मुद्दाम वळणांचा रस्ता धरायचा. का, ते त्याने तिला कधी सांगितलं नाही, आणि हा रस्ता लांबचा आहे हे तिनेही कधी बोलून दाखवलं नाही.

नवी घ्यायची तर जुनी विकायला हवी. ड्युएनने डोकं लढवलं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे गाडी अंगणात रस्त्याकडे तोंड करून उभी केली, तिच्यावर ‘विकणे आहे’ असा पुठ्ठा लावला आणि खाली अशी किंमत लिहिली, की वाचून गाय हसावी. कुणी घेणार नाही, नव्या गाडीचा विषय आपोआप मिटेल, आणि बायकोला ‘नको’ म्हणायची वेळ येणार नाही! केवढी ही अक्कल!

शनिवारी एक पिकअप थांबला. आतून लोवेल किटलसन नावाचा साठीचा, उंच, लाजाळू गृहस्थ उतरला. त्याला चर्चमधल्या मासळीच्या जेवणाचा पत्ता हवा होता, बस्स. पण नुसता पत्ता सांगून माणसाला वाटेला लावणं ड्युएनला कसं जमणार?

“कॉफी घ्या ना.”

“नको, नको, तुम्हाला त्रास.”

“तयारच आहे हो.”

“छे, छे, निघतोच आहे.”

“अर्धा कप तरी?”

तिसऱ्यांदा विचारल्यावर ‘हो’ म्हणायचं, ही इथली रीत. अर्लिसने परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्याही पुढे केल्या. आता एखाद्याची कॉफी प्यायची, वड्या खायच्या, आणि त्याच्या अंगणातल्या गाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे लोवेलला कसं शोभणार?

“छान ठेवलीय हो गाडी,” तो म्हणाला. “तरुणपणी मीही चालवायचो.”

“असं? मग बसून बघा ना.”

“अहो, कशाला...”

“बसा हो!”

लोवेल बसला. समोरच पुठ्ठा. आकडा बिचाऱ्याने दोनदा वाचला. पण यजमानाला नावं कशी ठेवायची? म्हणाला, “किंमत... वाजवीच आहे.”

ड्युएनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली वडी खाणारा माणूस, आणि आपण त्याला लुटारू दिसावं? “अहो, तो आकडा चुकून पडला,” तो घाईघाईने म्हणाला. “निम्मी धरा.”

लोवेल गार पडला. आपण एक शब्द काढला नाही आणि या देवमाणसाने किंमत निम्म्यावर आणली! आता ‘नको’ म्हणायचं कुठल्या तोंडाने? “मग...” तो म्हणाला, “घेऊनच टाकतो.”

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. घेणाऱ्याला नको, विकणाऱ्याला नको, दारात उभ्या बाईच्या डोळ्यांत पाणी, आणि गाडी चालली! पिकअपला फळी ड्युएनने स्वतः लावली. दोरही त्यानेच आवळले, वाटेत तिला ओरखडा जायला नको म्हणून.

मग काय, गावभर विचारणा. “जुनी गेली म्हणे! नवी कधी?” आली एकदाची नवी. मागे गुबगुबीत पाठ, हाताशी दोन दांडे, बूड गरम करायचं बटण, शिवाय हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायला माइक. पहिल्याच रविवारी अर्लिस आरामखुर्चीत बसावी तशी मागे बसली, हात मांडीवर. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. ड्युएनची कंबर रिकामीच.

“नीट बसलीस ना?” त्याने माइकमधून विचारलं.

“एकदम.”

पुढच्या रविवारपासून त्याने सरळ रस्ता धरला. उन्हाळा असाच वाया गेला. झोप येईना, त्याला रात्रंदिवस एकच वाटे, की आपण आपल्या हाताने माती खाल्ली.

पानं गळायला लागली तशी एका सकाळी अर्लिस कप विसळताना पाठमोरीच म्हणाली, “जुनीवर मला बरं वाटायचं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे चांगलं! कळत कसं नाही रे तुला?”

“अगं, मग ही घेतली कशाला?”

“तुला हवी होती म्हणून!”

“मला? मी तुझ्या पाठीसाठी...”

“माझ्या पाठीला काय धाड भरलीय?”

 मग अर्लिसने हात पुसले. “ऊठ. लोवेलकडे जाऊ, गाडी परत मागू. आणि या वेळी सरळ तोंडाने माग. भीड धरायची नाही.”

“नाही धरणार,” ड्युएन म्हणाला, आणि वाटभर तेच वाक्य माइकमध्ये घोकत राहिला. “लोवेल, आमची गाडी आम्हाला परत हवीय. लोवेल, आमची गाडी...”

“शाब्बास,” अर्लिस मागून म्हणत होती.

लोवेल दारातच भेटला. कॉफी आली. ड्युएनने चक्क पहिल्याच वेळी ‘हो’ म्हटलं. एवढा तो पेटला होता! त्याने घसा खाकरला. “लोवेल, आमची...”

“आधी माझं ऐका,” लोवेल लाजत म्हणाला. “खरं सांगू? मला गाडी नकोच होती. भिडेने घेतली. महिनाभर ताडपत्रीखाली होती.”

अर्लिसने टेबलाखालून नवऱ्याला ढोसलं. आता बोल की!

“मग एकदा हिला म्हटलं, चल, एक चक्कर मारू,” लोवेल बायकोकडे बघत म्हणाला. बायको मार्व्हा लालबुंद झाली. “आमचा मुलगा गेल्यापासून आम्ही, काय सांगू, एका घरात दोन भाडेकरू होतो. आणि त्या गाडीवर मागे टेकायला काही नाही. हिने घाबरून मला धरलं.”

“पडले असते मी,” मार्व्हा म्हणाली.

“आता रोज जातो. ही म्हणते, लांबच्या रस्त्याने घे.” लोवेलने ड्युएनचा हात हातात घेतला. “तुमचे उपकार कसे फेडू? हां, तुम्ही काय म्हणत होतात?”

ड्युएनने बायकोकडे पाहिलं. अर्लिस खिडकीबाहेर बघत होती. तिने हळूच ‘नको’ अशी मान हलवली.

“आमची... आमची जुनी ताडपत्री पडलीय घरी,” ड्युएन म्हणाला. “बर्फात लागेल तुम्हाला. आणून देतो.”

परतताना ड्युएनने बऱ्याच दिवसांनी वळणांचा रस्ता धरला. माइक चालू होते. मग त्याच्या पाठीवर काहीतरी टेकलं. अर्लिस गादी सोडून पुढे वाकली होती. दांडे आड येत होते, कंबर हाताला येत नव्हती. जेमतेम एक तळवा पोचला होता.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही,” अर्लिस म्हणाली. “माशी बसली होती.”

“बरं,” ड्युएन म्हणाला, आणि घर येईपर्यंत त्याने वेग वाढवला नाही.