उतारावरची मोटार

मोटार विकत घ्यायला गेलेल्या माणसाने आधी काय करावं? किंमत विचारावी, टायर दाबून बघावेत, निदान रंगाला तरी नावं ठेवावीत. आमच्या रंगूतात्यांनी मोटारीच्या तोंडासमोर तळहात धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"श्वास न्हाई," ते म्हणाले. "उपाशी हाय जनावर."

आता यावर कोणी हसावं तर पंचाईत अशी, की टाकीत खरोखरच पेट्रोलचा थेंब नव्हता.

रंगूतात्या आमच्या गल्लीतले. घोड्यांचे दलाल. सगळी हयात त्यांनी घोड्यांच्या शेपट्या उचलण्यात आणि जबडे उघडण्यात घालवली होती. भिंगारच्या छावणीत रिसाला होता तोवर त्यांचा तोरा काय वर्णावा! पुढे घोडी गेली, रणगाडे आले आणि तात्या ओट्यावर बसले. बायको आधीच वारली होती. एकुलती एक मुलगी, सगुणा, तिला कोल्हारला दिलेली. घरात राहिले तात्या आणि खुंटीवरचा एक लगाम. तो मात्र दर शनिवारी तेल लावून चकचकीत ठेवत.

लढाई संपली आणि साहेबलोक विलायतेला परत निघाले. छावणीत रोज काही ना काही विकायला निघे. कोणाचा सोफा, कोणाचा ग्रामोफोन, कोणाचं कुत्रं. त्यात एका मेजरची ही मोटार. दोनच माणसांची, लांबलचक नाकाची, जमिनीला टेकलेली, खास शर्यतीच्या घाटाची. उभी असली तरी वाटे, आता निघाली. पण वय झालेलं, एका अंगाला पोचा आणि बॅटरी पार मेलेली. त्यामुळे स्वस्तात जाणार होती.

"मास्तर, तुमी माज्या संगं चला," एका सकाळी तात्या दारात येऊन म्हणाले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, हा माझा गुन्हा. "त्या साहेबाशी बोलायचं हाय. मला लई पळनारं जनावर पायजे."

"तात्या, या वयात पळून जायचंय कुठे तुम्हाला?"

"कोल्हारला," तात्या म्हणाले.

मग मला हसू आवरावं लागलं, कारण कोल्हारचं प्रकरण मला ठाऊक होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. पुष्कळांनी ती सोडली. तात्यांनी धरून ठेवली होती, आणि सगुणेला तर अजून मूल नव्हतं. सर्व्हिसची मोटार भरली की सुटायची आणि दुपारी कोल्हारला टेकायची, परत संध्याकाळची. तेवढा वेळ तात्या व्याह्यांच्या अंगणात कोरड्या घशाने बसत. एका चैत्रात ते तिथेच भोवळ येऊन पडले. सगुणेने रडून आकांत केला आणि शपथ घातली, "तात्या, असं उपाशीतापाशी यायचं आसंल तर येऊच नगा. माजी आन हाय."

"फिरकीचा तांब्या नेत जा बरोबर," असा शहाणपणाचा सल्ला मी दिला होता.

"आनि लेकीच्या अंगनात बसून आपलं पानी आपन प्यायचं? तिच्या सासूनं काय समजायचं? ह्याला आमच्या पान्याची शिसारी येती म्हनून?" तात्यांनी मलाच झाडलं.

लेकीला इकडे बोलवावं, तर तेही जमेना. सासू वाईट नव्हती, पण तिचं एकच पालुपद होतं: बाईमाणूस नसलेल्या घरात सून पाठवायची कशी? सहा महिने बापलेकीची गाठ नव्हती. तात्या ओट्यावर बसून नुसते मनमाडच्या रस्त्याकडे बघत राहायचे. आणि आता त्यांनी तोड काढली होती.

"आन उपाशी येन्याची हाय, मास्तर. न्याहारी करून निघालो, लेकीला बघितलं, आनि जेवायला घरी परत! मंग मी उपाशी कसा?"

या हिशेबाला शर्यतीचीच मोटार हवी, हे मलाही कबूल करावं लागलं.

मेजर उंच, लालबुंद आणि सज्जन होता. तात्यांनी त्याच्या मोटारीच्या अंगावरून हात फिरवून घोड्याचे बघावेत तसे भोवरे शोधले, तेव्हा तो बाजूला सरून उभा राहिला. पोचा सापडल्यावर "उजव्या अंगाला हाय, चालंल," असा निकाल मिळाला. "आता तोंड उघडा म्हनावं." मी भाषांतर केलं. मेजरने बॉनेट उघडलं. तात्यांनी आत डोकं घातलं, वास घेतला आणि म्हणाले, "दात झिजल्यात, पन छाती मोठी हाय." याचं इंग्रजी मला आलं नाही. मी "व्हेरी गुड" म्हणून वेळ मारून नेली.

खरी मजा सौद्याची. जनावराच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. तात्यांनी उपरणं काढलं, मेजरच्या हातावर टाकलं आणि खाली त्याची बोटं पकडली. मेजरला वाटलं, ही हस्तांदोलनाची देशी पद्धत. तो आनंदाने हात गदागदा हलवू लागला. तात्यांच्या शास्त्राप्रमाणे दर हिसक्याला भाव उतरत होता. शेवटी तात्याच म्हणाले, "बास, साहेब. एवढं बी पडू नगा." सौदा कितीला झाला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. रुमालाखालचं रुमालाखालीच राहायचं. मेजरला तरी ते कळलं होतं की नाही, देव जाणे.

मग मेजरने किल्ली दिली आणि त्यासोबत मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल दिलं. तात्यांनी किल्ली घेतली. हँडल बघून दोन पावलं मागे सरले.

"हे न्हाई घ्यायचं."

"अहो तात्या, बॅटरी मेलीय. हे घालून फिरवल्याशिवाय मोटार सुरू व्हायची नाही."

"म्हंजे ते दावंच की! मास्तर, इकनाऱ्यानं जनावर द्यायचं, दावं न्हाई द्यायचं. दावं दिलं की त्याची दावन मोडती. पुन्यांदा त्याच्या दारात जनावर उभं राहत न्हाई. भला मानूस हाय, घरी निघालाय. त्याचं वाईट कशाला करायचं?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते सांगितलं. मेजर थोडा वेळ मोटारीकडे बघत राहिला. मग त्याने हँडल फडक्याने पुसलं आणि आपल्या पेटीत, कपड्यांवर ठेवलं. तात्यांनी घरून आणलेलं नवं कोरं दावं मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधलं, तिच्या नाकाला हळदकुंकू लावलं, आणि आम्ही ती भिंगारपासून गल्लीपर्यंत बैलाने ओढत आणली. शर्यतीची मोटार! वाटेत लोक काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भिंगारच्या हुसेनभाई मिस्त्रींनी तात्यांना चालवायला शिकवलं आणि शिकवता शिकवता स्वतःचे केस पिकवले. वेग वाढवायचा असला की तात्या जिभेने "टक टक" करत. थांबवताना "हो... हो... राजा" म्हणत, आणि मग आठवण झाली तर ब्रेक दाबत.

हँडल नसल्याने मोटार कायम उतारावर उभी करावी लागे. ब्रेक सोडला की ती घरंगळे, आणि घरंगळता घरंगळता खोकत जागी होई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नेमका उतार. पण तोंड खाली करून उभी करायची तर मोटार उलटी वर न्यायला हवी, आणि तात्या उलटा गिअर टाकायचे नाहीत. "उलटं चालनारं जनावर मालकाला खातं." मग ती आम्ही ढकलायची. "पण तात्या, ढकलली तरी उलटीच जाते ना?" "ती तुमी नेली. आपल्या मनानं न्हाई गेली." या तर्कापुढे मी हात टेकले. म्हणजे खांदा टेकला. कोल्हारहून आलेली मोटार दर खेपेला वर चढवायची, हा आमच्या गल्लीचा धर्म होऊन बसला. माझी बायको पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "अहो, टक टक ऐकू येतंय, उठा!"

अखेर माझी कंबर धरली. मी गुपचूप हुसेनभाईंना गाठलं आणि त्या मोटारीला बसेल असं हँडल घडवून घेतलं. विकणाऱ्याचं नव्हे, नवं. म्हणजे रीतीलाही बाध नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तात्या कोल्हारला निघाले, तेव्हा मी ते पोत्यात गुंडाळून सोबत घेतलं आणि शेजारच्या जागेवर बसलो. म्हटलं, लेकीसमोर देऊ. आनंदाचं होईल.

त्या मोटारीत बसल्यावर मात्र मला कंबर आठवली नाही. विळदच्या घाटात वारं कानात गाणं म्हणू लागलं. जोंधळा कमरेला लागलेला. राहुरीच्या पुढे उसाला तुरे आलेले, त्यांच्यावर ऊन नुसतं सांडलेलं. तात्यांनी फेटा हनुवटीखाली बांधला होता. डोळे अर्धे मिटून ते काहीतरी पुटपुटत होते, बहुधा मोटारीशी. मलाही गुंगी आल्यासारखं झालं. रस्ता आपल्याखालून कोणीतरी अलगद काढून घेतोय असं वाटत होतं, आणि भीती कशी ती वाटत नव्हती. मी, ज्याला टांग्यातही देव आठवतो!

कोल्हारात रस्ता प्रवरेकडे उतरतो. त्या उतारावर एका लिंबाखाली तात्यांनी मोटार उभी केली, चाकाला दगड लावला. व्याही शेतातून येत होते. हात जोडून म्हणाले, "व्याही, आज तरी गाडी अंगनात आना."

"न्हाई वो. उतार सुटला की उठत न्हाई हे," तात्या म्हणाले. व्याही हसले आणि सुनेला सांगायला गेले. हे नेहमीचंच असावं.

सगुणा पदर सावरत आली. मला नमस्कार केला, आणि मी जागेवरून उठण्याची वाट बघत उभी राहिली. जागा दोनच ना! मी पोतं घेऊन लिंबाच्या बुंध्याशी जाऊन बसलो.

ती बापाशेजारी बसली. दार लावून घेतलं. तात्यांनी तिला पुरचुंडी दिली, स्वतः वळलेले शेंगदाण्याचे लाडू, एकाचा आकार दुसऱ्याला नाही. तात्यांनी घरून आणून पायाशी ठेवलेला फिरकीचा तांब्या तिने उचलला.

"हौदाचं हाय ना?"

"आपल्या गल्लीतल्या हौदाचंच."

ती आधी स्वतः प्याली, सावकाश. मग फुलपात्र भरून बापापुढे धरलं. "घ्या तात्या. आपल्या घरात बसलाय न्हवं?" आणि तात्यांनी लेकीच्या हातचं पाणी गटागटा पिऊन टाकलं.

मी बघतच राहिलो.

"निघायचं?" तात्यांनी विचारलं.

"निघा." सगुणेने डोळे मिटले.

तात्यांनी स्टिअरिंगचं चाक धरलं. "टक टक" केलं. मोटार जागची हलली नाही. दगड चाकाखाली तसाच होता.

"राहुरी आली," तात्या म्हणाले.

"मुळा नदीला पानी हाय का?"

"घोट्याएवढं... हे देहरं गेलं... आता विळदचा घाट. धर नीट."

तिने खरोखरच दाराची कड धरली.

"नागापूर... आली गं, वेस आली."

"हौदावर कोन हाय?"

"मास्तरीनबाई घागर भरत्यात. तुला हाक मारत्यात बघ."

ती मिटल्या डोळ्यांनी हसली. "दार उघडं हाय का, तात्या?"

"उघडंच असतंय."

"चुलीचा वास येतोय."

"येनारच," तात्या म्हणाले. "तू आलीस म्हनून पेटवली."

 खाली प्रवरा चमकत होती.  सगुणेने डोळे उघडले, पदराने ते टिपले, पुरचुंडी उचलली आणि उतरली. "येते. सासूबाई वाट बघत आसतील." चढ चढून गेली. वळणावर तिने मागे बघितलं, घराच्या उंबऱ्यावरून बघावं तसं.

तात्यांचं लक्ष माझ्या पोत्याकडे गेलं. "काय आनलंय, मास्तर?"

आता काय लपवणार! मी हँडल काढून दिलं. तात्यांनी ते हातात तोललं, ऊन दाखवलं. "झ्याक घडवलंय हुसेनभाईनं." आणि परत माझ्या हातात ठेवलं. "पन हे नगं. हे आसलं की कुठं बी उभी करता येती. मंग व्याह्याला काय सांगू? गाडी अंगनात न्यावी लागंल. तितं गेली की मी पावना. हितं उतारावर माजं घर हाय, मास्तर. तिचं बी हाय."

ते हँडल आमच्या घरी आहे. बायको त्याने नारळ फोडते.

दगड काढला, मोटार घरंगळली, खोकली, जागी झाली. आम्ही परतीच्या वाटेला लागलो. ऊन चढत होतं, मोटार आपल्या तालात पळत होती. नागापूर मागे पडलं आणि वेस दिसू लागली, तसे तात्या माझ्या बाजूला कलले. नजर रस्त्यावरच होती.

"आली गं, वेस आली," ते हळूच म्हणाले.

आपण कोणाला म्हणालो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते एकदम ओशाळले. मी डोळे मिटून घेतले.

"हौदावर कोण आहे, तात्या?" मी विचारलं.