अंगाला वाटेल तसं

सकाळपासून राजलक्ष्मीचा जीव थाऱ्यावर नव्हता. इंदापूरच्या समाजमंदिरात तिच्या योगवर्गाचं प्रात्यक्षिक होतं आणि ते बघायला बारामतीहून विजयसिंह सर येणार होते. त्यांच्या शाळेत योगशिक्षिकेची जागा निघाली होती. ती जागा तिला हवीच होती. सतरंज्या सरळ आहेत ना, हे ती परत परत पाहत होती.

वर्गातल्या बायकांचा जन्म उसाच्या रानात गेलेला. त्यांचं अंग हुकमात राहीना. त्यातही राजलक्ष्मीची सासू कुशाबाई म्हणजे कहर. ऐन आसनात कूस बदलायची, हात ताणायची, मोठ्यानं जांभई द्यायची.

"आत्या, हे क्रमात नाही!"

"अगं, अंगाला वाटलं तसं केलं. मांजर काय कुनाला इचारून आळस देती व्हय?"

"आज तेवढं नको. मी 'उठा' म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. माझी शपथ आहे!"

शपथ म्हटल्यावर बायकांनी मुकाट माना डोलावल्या.

सर आले. सूर्यनमस्कार झाले, ताडासन झालं. मग हलासन. पाठीवर पडून राजलक्ष्मीनं पाय डोक्यामागं टेकवले, पाठोपाठ बायकांनीही; आणि तिच्या कमरेत अशी उसण भरली की पाय परत येईनात. हनुवटी छातीत रुतलेली, त्यामुळं 'उठा' हा शब्दही फुटेना.

"उंऽऽ... उंऽऽ..."

बायकांना वाटलं, बाईंनी ओंकार लावला. त्यांनीही सूर धरला. समाजमंदिर घुमलं. राजलक्ष्मी कासावीस होऊन पाय झाडू लागली. बायकांनीही झाडले.

"कुशाबाई," शेजारची सिंधुबाई कण्हली, "माजा जीव चाललाय गं."

"शपथ हाय. दम धर." कुशाबाईनं तिरप्या नजरेनं सुनेकडं पाहिलं आणि ती ओरडली, "खड्ड्यात गेली शपथ! पोरीचं त्वांड काळंनिळं पडलंय!"

ती धपकन आडवी झाली, लोळतच सुनेपाशी गेली आणि तिला कंबर धरून कुशीवर कलंडवलं. मग सगळ्याच सुटल्या. कुणी गडाबडा लोळली, कुणी पाय झटकले, कुणी पाठ ताणली. मागच्या रांगेतल्या साखरबाईनं तर अशी जांभई दिली की सरांनाही आली.

नोकरी गेली, म्हणून राजलक्ष्मीला रडू फुटलं. तेवढ्यात सर उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"ताई, ठरावीक आसनं सगळेच करतात. शरीराला असं मोकळं सोडलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं! सोमवारपासून शाळेत या. मुलांना हेच शिकवा."

हेच म्हणजे नेमकं काय, हे राजलक्ष्मीला उमगेना. दुसऱ्या दिवशी कमरेला पट्टा बांधून ती बायकांच्या वर्गात खुर्चीवर बसली. शाळेआधी सराव व्हावा म्हणून भीतभीत म्हणाली, "आज ज्याला जसं वाटेल, तसं अंग हलवा."

सिंधुबाईनं लगेच ऐसपैस जांभई दिली.

"थांब!" कुशाबाई कडाडली. ती पदर खोचून सगळ्यांच्या पुढं उभी राहिली होती. "हितं मनमानी चालायची न्हाय. आधी डावी कूस, मग लोळन, मग पाय झटकायचं. जांभई शेवटाला! चला, पुन्यांदा पयल्यापासनं!"