कुंकू लावलेला रेकॉर्डर

"यंत्र कोणतंही असो, पाच मिनिटं माझ्या हातात द्या. सहाव्या मिनिटाला ते माझं ऐकायला लागतं!"

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, जळगावात, आमच्या भजनी मंडळासमोर मी हे वाक्य छाती काढून म्हटलं. मंडळाचा विश्वासही बसला, कारण कचेरीतलं बंद पडलेलं घड्याळ मी एकदा थाप मारून चालू केलं होतं. ते तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडलं, हे फक्त मला आणि शिपायाला माहीत होतं.

विषय होता तोताराम आबांचा. आबा म्हणजे मंडळाचा गळा! उभा जन्म तेलाच्या गिरणीत काढला, पण संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर एकतारी हातात घेतली की रस्त्याने जाणारा सायकलवाला खाली उतरायचा. जुन्या चाली त्यांना चाळीस-पन्नास तरी येत, आणि एकही कुठे लिहून ठेवलेली नव्हती. आता त्यांचा मुलगा हिलाल त्यांना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी कायमचं सुरतेला नेणार होता. आबा गेले की चालीही गेल्या! म्हणून आमच्या मृदंगवाल्या भटूने तोड काढली: हातात मावेल असा एक टेपरेकॉर्डर घ्यायचा आणि आबांना भरून ठेवायचं.

"बरणीत लोणचं भरतात तसं!" मी म्हणालो.

"पण पारखून कोण आणणार?" भटूने विचारलं.

आता हे काय विचारणं झालं? मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि धुळ्याची एस.टी. पकडली. रेकॉर्डर जळगावातही मिळत होते, पण धुळ्याला चांदभाई होता. कव्वालीवाले, बँडवाले, लग्नात गाणारे, सगळे त्याच्याकडूनच यंत्रं घेत. त्याने माझ्यापुढे तीन रेकॉर्डर मांडले.

"हा मोठा. आवाज दांडगा, पण स्वतःच्या मोटरची घरघरसुद्धा भरून घेतो. हा बारका फक्त बोलण्यासाठी, वकील लोक नेतात. आणि हा गाण्यासाठी. दिसायला साधा, पण कान लई तेज! आवाज कमी-जास्त स्वतःच करतो. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा, भाऊ..."

"माहीत आहेत!" लाल दिवा लावून बघत मी म्हणालो.

"अहो, ऐकून तर घ्या!"

"माहीत आहेत म्हटलं ना, चांदभाई! तुम्ही फक्त सेल घाला."

चांदभाईने सेल घातले आणि हात जोडले. मला वाटलं, माझ्या ज्ञानाला जोडले.

आता आपल्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरतात का? शिवणयंत्र असो, सायकल असो, आधी हळदकुंकू! मारुतीच्या ओट्यावर पाट मांडला, पाटावर रेकॉर्डर. भटूची बायको सुनंदाबाई, माझी प्रमिला आणि गल्लीतल्या आणखी तिघी, अशा पाच सवाष्णी ओलं कुंकू घेऊन आल्या.

"पण लावायचं कुठे?" सुनंदाबाई म्हणाल्या. "सगळीकडं बटणंच आहेत. ओघळून आत गेलं म्हणजे?"

मी तज्ज्ञ! ताबडतोब पुढे झालो. रेकॉर्डरच्या कोपऱ्यात बोटाच्या टोकाएवढी एक छान खळगी होती, तिला बारीक बारीक भोकं. "इथे लावा वहिनी! कंपनीने मुद्दाम जागा ठेवलीय!"

पाचही जणींनी तिथेच बोटं टेकवली. वरून आबांनी अक्षता दाबल्या. नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि मी बटण दाबलं. आबा दीड तास गायले. काय गायले हो! प्रमिला माझ्याशी भांडायचं विसरली.

मग कॅसेट मागे फिरवली आणि लावली.

भटूचा मृदंग धडाम धुम ऐकू येत होता. आबांचा आवाज मात्र... कुणी तोंडावर गोधडी घेऊन कण्हावं तसा! टाळ तर गायबच!

मी सेल बदलले. कॅसेट बदलली. कापसाला स्पिरीट लावून आतलं हेड पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आबांना गायला लावलं. पुन्हा गोधडी!

"तुझं डबडंच खोटं दिसतंय, जीवराम," भटू म्हणाला.

माझी निवड खोटी? माझं डोकं फिरलं! "यंत्र कधी खोटं बोलत नाही! जसं असतं तसं घेतं! तुझा मृदंग कसा चोख आला?"

बोलून गेलो. आबा माझ्याकडे बघत होते.

"मना आवाज असा शे?" ते हळूच म्हणाले.

"आबा, तसं नाही..."

"बठ्ठा जन मनापुढे वा वा करतस. कोनी खरं सांगं नही." त्यांनी एकतारी खोळीत घातली. "बरं व्हयनं, यंत्रनी सांगं. आते मी गावाव नही."

आणि उठून गेले! आखाजी चार दिवसांवर आलेली. दुसऱ्या संध्याकाळी आबा आले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. दार लोटून सुरतेला न्यायच्या ट्रंकेत धोतरं भरत बसले होते. सुनंदाबाईंनी भरीत-भाकरी पाठवली, ती तशीच परत आली. मला रात्रभर झोप नाही. प्रमिला म्हणाली, "घड्याळाला थाप मारलीत तशी स्वतःला एक मारा, म्हणजे चालू व्हाल!"

आखाजीच्या आदल्या दिवशी मी आणि भटू पहिल्या गाडीने धुळ्याला. दुकानात पाऊल टाकताच मी सुरू झालो, "चांदभाई, काय माल देता! म्हाताऱ्या माणसाचा जीव..."

चांदभाईने रेकॉर्डर हातात घेतला, कोपरा बघितला, भिंगाने बघितला. मग सुई घेतली आणि त्या खळगीतून कुंकवाचा वाळलेला गोळा काढला. त्याच्यामागून हळद निघाली. शेवटी तांदळाचे अडीच दाणे.

"हा त्याचा कान होता, भाऊ," चांदभाई म्हणाला. "पहिली गोष्ट हीच सांगत होतो, की कान मोकळा ठेवा. तुम्ही तर आत जेवण वाढलं!"

भटू खाली बसून हसायला लागला. मला हसूही येईना, रडूही येईना.

"आता दुसरी गोष्ट ऐका. गाताना..."

"चांदभाई, गाडी सुटेल!" आणि मी पळालो.

आखाजीच्या संध्याकाळी मी थेट आबांच्या दारात गेलो. सगळी गल्ली जमली होती. सगळ्यांदेखत कान धरले. "आबा, तुमचा गळा सोन्यासारखा आहे. खोटा मी आहे! कुंकू कुठे लावायचं ते मी दाखवलं. माझ्या शहाणपणाने यंत्राचा कान बुजला, आणि दोष मी तुमच्यावर टाकला!" कागदाच्या पुडीतले अडीच तांदूळ त्यांच्या हातावर ठेवले.

आबांनी तांदूळ बघितले. माझ्याकडे बघितलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "आरे, ह्या तं मन्याच अक्षता शेतस!" आणि इतके हसले, इतके हसले की हिलालने पाणी आणलं.

मग आबा ओट्यावर आले. त्या संध्याकाळी ते जसे गायले तसे आयुष्यात गायले नसतील. यावेळी चूक नको म्हणून रेकॉर्डर मी पाटावर ठेवलाच नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरून आबांपासून चार हातांवर बसलो. प्रत्येक समेला डोळे भरून यायचे, तोंडातून आपोआप निघायचं, "वा आबा! वा! जियो!"

सकाळी त्यांना सुरतेच्या गाडीत बसवलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत भटूसारखा भटू रडत उभा होता. घरी येऊन सगळं मंडळ बसलं, चहा ठेवला, मी बटण दाबलं.

"वा आबा!" मी. खणखणीत, अगदी समोर बसल्यासारखा! मग जरा शांतता. तिच्यातून आबा दबकत दबकत वर येतात, आणि चाल पकडतात तोच, "वा! जियो!" की आबा पुन्हा बुडाले! नव्वद मिनिटं! जवळचं कुणी ओरडलं की ते यंत्र दूरचं सगळं दाबून टाकायचं.

"ही चांदभाईची दुसरी गोष्ट असणार," भटू म्हणाला, आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

चाली गेल्या त्या गेल्याच. मी श्वास घ्यायला थांबलो तेवढ्यात जेवढ्या मावल्या, तेवढ्या दोन-तीन मंडळाने उचलल्या. आजही मंडळातली पोरं त्या चाली गातात आणि मधेच विनाकारण थांबतात. मी जिथे ओरडलो होतो, बरोबर तिथे!

जाताना आबांनी कॅसेटची एक प्रत मागितली होती. लाज गिळून पाठवली. महिन्याने पोस्टकार्ड आलं:

"जीवराम, कॅसेट भेटनी. आठे सुरतले बठ्ठा आपापला कामम्हा. मी गास तं कोनी वा म्हनस नही. म्हनीसन रोज सांजले तुनी कॅसेट लावस, तू वा म्हनस, आनि मी गास. एकच सांग, तुना मांगे तो कोन म्हतारा मधमधमा कुरकुर करी ऱ्हायना?"

मला हुंदका आवरेना. कार्ड तसंच प्रमिलेच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं, डोळ्यांना पदर लावला, मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"वा!"