वन्संच्या हातचं टोपडं

बारशाला बायका जमायला लागल्या, तरी वर्षाराणीचं टोपडं अजून कानाच्या वर सरकलं नव्हतं. मुरगूडहून एसटीत बसल्यापासून ती विणतच आली होती. भावजयीनं, मोनानं, फोनवर थंडपणे अट घातली होती: "वन्सं, टोपडं तुमच्या हातचं असंल तर नाव तुमी ठेवायचं. विकतचं आणलासा तर मी म्हणीन ते." वर्षाराणीला भाच्याचं नाव ठेवायचं होतं हंबीरराव, वारलेल्या आबांचं, म्हणजे तिच्या वडलांचं. मोनाला हवं होतं रियान.

सुलट. सुलट. अजून चार बोटं सरळ, मग टाके कमी.

"वर्षा, पाळण्याला फुलं बांध की," आईनं, बायडाबाईनं, बाहेरून हाक दिली. वर्षाराणीनं सुया मागच्या खोलीत उशीवर ठेवल्या. घात झाला तो इथंच. कोल्हापुरात कुणाचं काम अर्धं दिसलं की विचारायची पद्धत नाही. हात थेट कामाला लागतो.

शेजारच्या तानाबाई साडी नीट करायला आत गेल्या. टोपडं म्हटलं की टाके कमी करायचे, एवढं त्यांना ठाऊक. केले.

दोन एकत्र. दोन एकत्र.

अंजनाकाकी पर्स ठेवायला आल्या. टाके कमी करायला घेतलेले दिसले, म्हणून त्यांनी आणखी केले. मग करंडा शोधत बायडाबाई आली. लेकीचा भार हलका व्हावा म्हणून उरलेले टाके तिनं दोऱ्यात ओढून आवळले, मागची शिवण घातली, वर गोंडाही लावला.

दोन एकत्र. संपलं.

वर्षाराणी परतली तेव्हा उशीवर वाटीएवढं काहीतरी बसलं होतं. तिनं ते गुपचूप बाळाला घालून पाहिलं. टाळूवर झाकणासारखं टेकलं आणि घसरलं.

"कमी मीच केलतं," तानाबाई कौतुकानं म्हणाल्या.

"हळू बोला मावशी, पाया पडते."

ओरडायची सोय नव्हती. ओरडली तर टोपडं तिच्या हातचं राहत नव्हतं. गप्प बसली तर हे असलं टोपडं तिच्या हातचं ठरत होतं.

"वन्सं, आणा बघू," मोनानं हात पुढं केला.

मोनानं टोपडं उलटंपालटं केलं.

"तुमच्याच हातचं न्हवं?"

"व्हय."

"ह्यात पोराचा कान बी झाकायचा न्हाय."

बाळाआधी पाळण्याखालून फिरवायचा वरवंटा हळदकुंकू लावून पाटावर तयार होता. मोनानं टोपडं त्याच्यावर चढवलं. बरोब्बर बसलं.

"शब्द म्हंजे शब्द, वन्सं. ज्याला टोपडं बसलं, त्याचं नाव तुमी ठेवा."

वर्षाराणी वाकली. जिथं कान असता तिथं हळूच म्हणाली, "हंबीरराव." बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले.

बाळ रियान झालं.

दुसऱ्या दिवशी पाट्यावर ठेच्याच्या मिरच्या पडल्या. बायडाबाई स्वयंपाकघराच्या दारात घुटमळली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आणि आता नुसतं वरवंटा म्हणायलाही जीभ रेटेना.

तिनं पदर सावरला.

"मोना, ह्यांना जरा धुऊन आण."